लग्नापुढचं कडवं

शाहिरानं डफावर शेवटची थाप दिली. पोवाड्यात किल्लेदाराच्या लेकीनं शत्रूच्या शिलेदारासाठी गडाचं दार उघडलं, गड पडला अन् दोघांचं लगीन लागलं. सदर टाळ्यांनी दणाणली.

तीच लेक चिकाच्या पडद्याआड बसली होती, बारा वर्षं संसार केलेली. पडद्याला टेकलेल्या नवऱ्याला ती हळूच म्हणाली, “धनी, खालच्या वाडीत आईचं काही खरं नाही. भेटून सांजेला परत येते.”

“गडाचं दार तुला बंद. एकदा फितूर झालेली बाई पुन्हा होते.”

“तुमच्यासाठीच झाले होते ना?”

“म्हणून तर पक्कं ठाऊक.”

मोळीवाल्या बायका त्या दारानं रोज ये-जा करत. पहारेकरी अडवत ते फक्त तिला.

शाहीर मुजऱ्याला आला. “बाईसाहेब, लोक विचारतात, लग्नानंतर काय झालं? एखादं कडवं सांगा, जोडतो.”

नवरा मिशीत हसला.

“आता खाली वाडीतच जाणार ना?” तिनं विचारलं.

“व्हय जी.”

“मग जोडा, लेक सुखात नांदते. अन् आधी माझ्या आईच्या उशाशी बसून गा. तिला खरं वाटेल, असं गा.”