खालची कडी

"सई, कडी काढ! आधी कडी काढ!"

"नाई," आतून उत्तर आलं.

देवयानी स्वयंपाकघराच्या बंद दाराबाहेर उभी होती. आत सई होती आणि गॅसवर दूध होतं. कुरडया वाळल्या का ते बघायला देवयानी गॅलरीत गेली, तेवढ्यात अडीच वर्षांच्या बाईसाहेबांनी दार लोटून खालची कडी सरकवली. कडी लावता येते हा शोध त्यांना आजच लागला होता. काढता येते का, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"चॉकलेट देते."

"नाई."

"बाबांना सांगीन हं!"

"नाई."

"बागेत जायचं?"

यावर आत जरा विचार झाला. मग पुन्हा, "नाई."

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काशम्मा मावशी धावत आल्या. त्यांच्यामागून खालच्या मजल्यावरचा मानसिंग पहार घेऊनच वर आला.

"वहिनी, सरका बाजूला. दारच उचकटतो."

"आन् पोरगी दाराला चिकटून उभी असली म्हंजे?" मावशींनी त्याला मागं ओढलं. "देवयानी, तू रेट. धक्का नको, नुसतं रेटत ऱ्हा. कडी सैल हुईल. लाव जोर! अजून लाव की!"

जोर लाव. देवयानीनं दाराला खांदा लावला. सईच्या वेळी रात्रभर तिनं हेच ऐकलं होतं. डोकं अडकलं होतं. डॉक्टरीणबाई, नर्स, आया, सगळ्या मिळून तिच्यावर ओरडत होत्या आणि आतली ही हटून बसली होती. शेवटी चिमटा लावून ओढली, तर पोर काळीनिळी. रडेचना. मग रडली ती अशी, की सगळा वॉर्ड उठून बसला. ही हकिकत देवयानीनं हळदीकुंकवात सांगितली, एसटीत सांगितली, सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही उभं करून सांगितली. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला, की तिला जरा बरं वाटायचं. पण तेव्हापासून तिनं सईला घटकाभरही नजरेआड केलं नव्हतं. नवऱ्यानं, सुबोधनं, बालवाडीचा विषय काढला, की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "पुढच्या वर्षी बघू."

दाराखालून करपल्याचा वास आला. दूध उतू गेलं होतं.

आता ज्योत विझली तर? गॅस कोंडला तर? देवयानीचं भान सुटलं. नुसतं रेटायचं सोडून तिनं दारावर अंगच टाकलं. दार हललं नाही. कोपर मात्र चौकटीवर सणकून आपटलं.

"आई गं!"

ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. कोपर दुखत होतं म्हणून नाही. तिला भीती वाटत होती, अगदी त्या रात्रीसारखी.

आतून लहान पावलं दारापाशी आली. मग कडी करकरली. अडली. पुन्हा करकरली. दार वीतभर उघडलं, तशा काशम्मा मावशी आत घुसल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. खिडकी सताड उघडली. मानसिंगनं पहार भिंतीला टेकवली.

सई हातात लाटणं घेऊन ऐटीत बाहेर आली. देवयानीनं तिला छातीशी ओढलं. हात चाचपले, पाय चाचपले, डोकं चाचपलं. सगळं जागच्या जागी होतं. दार उघडलं म्हणून चार मुके घेतले आणि लावलं म्हणून पाठीत एक हलका धपाटाही घातला.

"अय्यो, काय गं भवाने," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कशी गं अडकलीस तू?"

सईनं लाटणं खाली टाकलं. फ्रॉकचं टोक धरून आईचे डोळे पुसले, नाकही पुसलं. मग मावशींकडं वळून, न समजणाऱ्या माणसाला समजावावं तसं सांगितलं,

"नाई. आई अडकली होती. मी काडली बाहेल."