नऊ जणांचे ठोके

भैय्यालालच्या डाव्या हातावर पाच घड्याळं होती, उजव्यावर चार. नऊही घड्याळं एकच आकडा दाखवत होती. ब्याण्णव. त्याने पाय आपटत, हात हलवत तेलीबांधा तलावाची आणखी एक फेरी मारली. त्र्याण्णव. पुढे काही सरकेना.

शंभर पाहिजे होते. शंभर ते एकशेवीस. हेड ऑफिसचं तसं पत्र होतं. पंडरीच्या शाखेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याने रोज अर्धा तास चालावं आणि तेवढा वेळ हृदयाचे ठोके या हद्दीत ठेवावेत. कमी पडले तर आळस, वर गेले तर धोका. सगळ्या वयांना एकच हद्द. हेड ऑफिसातल्या लोकांची वयं वाढत नसावीत. घड्याळं कंपनीने फुकट वाटली; त्यांवरचा आकडा थेट हेड ऑफिसला जायचा. नऊपैकी एकही साहेब चालला नाही. चालायला शिपाई होता.

शिपाई पारखून घेतलेला होता. चार महिन्यांपूर्वी भैय्यालालचं वजन होतं एकशे आठ किलो. गेटपासून पानठेल्यापर्यंत गेला तरी ठोके एकशे अठरा व्हायचे. शाखेत हजेरी बघणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमने स्वतः मोजून खात्री केली होती. त्याला मात्र घड्याळ मिळालं नव्हतं. तो ठेक्यावरचा. ठेक्यावरच्या माणसाला हृदय असतं, असं कंपनीच्या नियमात कुठेच लिहिलेलं नाही.

त्याला मिळालं होतं दुसरं पत्र. फायली घेऊन तीन मजले चढताना दम लागतो, सबब वजन पंच्याण्णवच्या आत आणावं, नाहीतर एक तारखेपासून घरी बसावं. खाली कंपनीच्या डॉक्टरचा शिक्का आणि शाखाप्रमुख सुशील साहेबांची सही. डॉक्टरने सांगितलं, पळू नको, चाल. बोलता येईल इतक्याच जोरात चाल. भैय्यालाल खूश झाला. एकाच चालण्यात साहेबांचंही काम आणि आपलंही. घरी बायकोने, अंजनाबाईने, त्याच्या ताटातला भात अर्धा केला.

मग जे व्हायचं तेच झालं. वजन त्र्याण्णववर आलं. घोरणं थांबलं. तीन मजले तो शीळ घालत चढू लागला. आणि हृदय शांत झालं. चालणं म्हणजे त्याला काही कामच वाटेना.

नऊ साहेबांना आळशीपणाच्या नोटिसा आल्या. सुशील साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"काहून रे भैय्यालाल, ठोके काहून कमी पडून राहिले? तब्येत बिघडली का तुयी?"

"बिघडली नाई साहेब. सुधरली. तोच तं लफडा झाला."

पन्नाशीच्या माणसाला अरेतुरे करणाऱ्या साहेबाने हुकूम सोडला, "मंग पळ."

भैय्यालाल पळाला. घड्याळं एकशे छप्पन्नवर जाऊन कोकलली. तिकडे नऊ घरांत फोन वाजले. अर्धवट झोपेत चहा पिणाऱ्या नऊ साहेबांना हेल्पलाइनची बाई घाबऱ्या आवाजात सांगू लागली, "सर, ताबडतोब खाली बसा!" सगळे बसलेलेच होते. दोघे तर आडवे होते.

पळणं बंद झालं. खाऊ घालणं सुरू झालं. सकाळी जिलेबी, दुपारी तेलात तळलेले आलूगुंडे. घास गळ्याखाली उतरेपर्यंत शर्मिष्ठा मॅडम समोर उभ्या. आठ दिवसांत वजन दीड किलोने वाढलं, ठोका एकही वाढला नाही. उलट भैय्यालालची झोप उडाली. अजून अर्धा किलो वाढलं की डॉक्टर काढणार. ठोके असेच राहिले तर साहेब काढणार. कारण साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "एक तारखेपर्यंत शंभर नाही झाले, तर दुसरा माणूस पाहतो मी. ढोला, शंभर किलोच्या वरचा."

अंजनाबाई चिडली. "लठ्ठ होते तं डॉक्टर काढत होता. बरे झाले तं साहेब काढून राहिला. यायले मानूस पायजे का म्हैस?" मग तिने कोपऱ्यातलं तांदळाचं पोतं त्याच्याकडे ढकललं. पंचवीस किलोचं. "वजनच पायजे ना त्यायले? मंग पोटावर काहून घेता? पाठीवर घ्या."

महिन्याच्या शेवटच्या तारखेला भैय्यालाल पोतं पाठीवर घेऊन तलावाभोवती फिरत होता. सुशील साहेब गाडीतून उतरले. स्वतः पाहायला आले होते.

"किती?"

"नव्व्याण्णव."

"एक ठोका कमी पडला तरी नोटीस येते, भैय्यालाल. उद्यापासून येऊ नको."

भैय्यालालने पोतं खाली ठेवलं. गुढियारीच्या गोदामात हमाल माल बघतो, तसं त्याने साहेबांना खालून वर पाहिलं.

"साहेब, तुमचं वजन किती?"

"अडुसष्ट. काहून?"

भैय्यालाल पाठ फिरवून वाकला. दोन्ही हात मागे केले. "बसा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग भैय्यालालच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. तिथलं तिसरं घड्याळ त्यांचं होतं. ते बसले.

एकशे चार. एकशे अकरा. एकशे अठरा. तिथेच थांबलं. भैय्यालालची मान लाल झाली, पण त्याचं स्वतःचं वजन पंच्याण्णवच्या आतच होतं. डॉक्टरला काढता येत नव्हतं, साहेबाला काढता येत नव्हतं. नऊ घड्याळांवर हिरवे दिवे लागले.

समोरून नरहरी काका येत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, साहेबांच्या वडिलांचे मित्र. ते मधेच थबकले.

"अरे सुशील! पायाले काय झालं बाप्पा तुया?"

"काही नाही काका," साहेब वरून म्हणाले. "व्यायाम करून राहिलो."