वळणापर्यंतचा अबोला

खाणीच्या पायवाटेवर अस्वलांमुळे एकच नियम होता: मोठमोठ्याने बोलत चालायचं. माणसाचा आवाज ऐकला की अस्वल बाजूला होतं. पण त्या सकाळी कामावर निघालेल्या नवराबायकोचा अबोला होता, तोही भाजीतल्या मिठावरून! निघताना ती डब्याला म्हणाली, “काही लोकांना सांग, मीठ वेगळं बांधलंय.” तोही डब्यालाच म्हणाला, “मेहेरबानी झाली म्हणावं.” तिने हसू दाबलं. अबोला दर वेळी तोच मोडायचा. आजही वळणापर्यंत मोडणार, याची तिला खात्री होती. वळणावर त्याने तो मोडलाच. “पळ!” ओरडत तो तिच्या आणि अस्वलाच्या मध्ये उभा राहिला. ती माणसं घेऊन परतली तेव्हा अस्वल गेलं होतं, आणि तोही. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली. मुकादम म्हणाला, “वहिनी, उठा आता.” “असं कसं, भाऊजी? आत्ताच तर बोललेत ते माझ्याशी.”