कानदुखी

"ताई, नाव बदललं म्हणून पोर बदलत नाही," हस्तलिखित वाचून धाकट्या बहिणीने बजावलं होतं. ताईने ते हसण्यावारी नेलं होतं. कुणाला कळणार आहे?

आता ती शाळेच्या व्यासपीठावर, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापक, अशी अडकून बसली होती. वर्षातलं आवडतं पुस्तक मुलांनीच मतं देऊन निवडायचं आणि चिठ्ठ्याही मुलांनीच सगळ्यांदेखत वाचायच्या, ही इथली पद्धत. यंदा बाईंनी हौसेने मतपेटीपाशी उभं केलं होतं ते तिच्याच आठवीतल्या लेकीला.

"ओली गादी," लेकीने माइकमध्ये वाचलं. पुढची चिठ्ठी उलगडली. "ओली गादी."

आईचंच पुस्तक. रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून मुक्कामाची सहल आली की कान दुखल्याचं सोंग करणाऱ्या मुलीची गोष्ट. तिने मुलीचं नाव बदललं, गाव बदललं, भाऊ नव्हता तो दिला. कान तेवढा राहून गेला. गादीचं घरात तिघांनाच ठाऊक होतं. लेकीची कानदुखी मात्र पाचवीपासून अख्ख्या वर्गाला तोंडपाठ होती.

विसाव्या चिठ्ठीपर्यंत मागच्या रांगांत खसखस पिकली. "आता कान कसा आहे गं?" कुणीतरी सूर लावला.

"शांत बसा," बाई म्हणाल्या. "आणि तू जरा मोठ्याने वाच, बाळा."

लेक मोठ्याने वाचू लागली. आई मनातल्या मनात दुसऱ्या पुस्तकांचा धावा करत होती. उठावं, पेटी बंद करावी. पण उठून सांगणार काय? कान दुखतोय?

शेवटच्या चिठ्ठीशी लेक थबकली. "ओली गादी. खाली लिहिलंय, ही तूच ना?" तिने चिठ्ठीची नीट घडी घातली. "हो," ती माइकमध्ये म्हणाली, पायऱ्या उतरली आणि दाराबाहेर गेली.

हसू जागच्या जागी विरलं. मुख्याध्यापकांना काहीच उमगलं नव्हतं. त्यांनी आईच्या मांडीवर बक्षिसाची जड ढाल ठेवली, माइक पुढे केला. "मॅडम, दोन शब्द."

तिने माइक बाजूला सारला. इथून काहीही बोललं तरी ते पुन्हा सगळ्यांनाच ऐकू जाणार.

तुम्ही दाराजवळ असाल, तर जरा बाहेर बघून या. दोन वेण्या, मुठीत घडी घातलेली चिठ्ठी. आईने पाठवलंय, असं मात्र सांगू नका.