चौथ्या थरावरची रेघ

भाकरी फडक्यात बांधता बांधता पीरमहंमदनी लेकीला विचारलं, "सहादेवला निरोप दिलास का? पुलाची रेघ पुसट झालीया."

"झाली रेघ, अब्बा." मेहताबने पुस्तकातून मान वर केली नाही.

"सहादेवचा हात म्हंजे बघायला नको." डोळे बारीक करून त्यांनी तिची बोटं पाहिली. "आन् चुन्याच्या हातानं पुस्तक धरतीस व्हय? मास्तर पुन्हा देतील का?"

उरलेल्या चुन्याने तिने भिंतीतली दिवळी पोतारली होती. ते हसत हसत पुलावर गेले. त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

साल त्रेचाळीस. मुळा नदीवरचा तो फरशी पूल बुटका होता. त्याच्या पहिल्या खांबावर चुन्याची आडवी रेघ असे. पाणी तिला टेकलं की पहारेकरी पीरमहंमद लाल झेंडा लावून रस्ता बंद करत. पावसाने रेघ धुतली की गवंडी सहादेव नदीत उतरायचा, दगडाचे वरून चार थर मोजायचा आणि ती पुन्हा मारायचा.

दुसऱ्या दिवशी पाणी चढलं, पण रेघ कोरडी होती. गावातल्या साळूबाईच्या गाडीचे बैल पुलावर बुजले, म्हणून पीरमहंमद कासरा धरायला गेले. तेवढ्यात लोंढा आला. गाडी पार झाली. पीरमहंमदांचा देह तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली सापडला.

पूर ओसरल्यावर ओव्हरसियरने थर मोजले. रेघ तिसऱ्या थरावर, म्हणजे एक थर उंच होती, ओघळ आलेली, वरूनच वाकून हात पुरेल तिथे मारल्यासारखी. सहादेवला विचारलं. तो मान खाली घालून उभा राहिला. नंतर त्याला सरकारी काम मिळालं नाही. गावातही कुणी त्याला विहीर बांधायला बोलावेना.

सहा वर्षांनी शेजारी उंच पूल झाला. मेहताब तेव्हा नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होती. गावाने तिला बोलावून घेतलं. पुलाच्या दगडावर अब्बांचं नाव कोरलं होतं. लोक अब्बांबद्दल चांगलं बोलले आणि सहादेवबद्दल नेहमीचंच. तिलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने हात जोडले आणि ती खाली बसली.

सहादेव गर्दीपासून लांब, जुन्या फरशी पुलाच्या टोकाला बसला होता. ती त्याच्याजवळ गेली.

"काका, तुम्ही इतकी वर्षं काहीच का बोलला नाहीत?"

"कुनाला सांगू नगंस, पोरी. ती रेघ माजी न्हवती. मला निरोपच आला न्हाई. पीरभाईनं सवताच मारली असंल, नजर अधू हुती त्येची. गेलेल्या मानसाला कशापायी बोल लावायचा? तुला लई लागलं असतं."

मेहताबने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"निरोप मी दिलाच नव्हता, काका. पुस्तक संपत आलं होतं, तुमच्या वस्तीपर्यंत यायचा कंटाळा केला. रेघ मी मारली."