मास्तरांची पहिली आवृत्ती

"खुनी दार उघडतो, तिथेच गोष्ट संपते," बायको म्हणाली. "पुढचं सोळा पानांचं पुराण कशाला? काढून टाका."

भूमितीच्या मास्तरांना ते झोंबलं. पस्तीस वर्षांत त्यांनी फळ्यावर एकही प्रमेय अर्धवट सोडलं नव्हतं. मग स्वतःची रहस्यकथा सिद्ध न करता सोडायची? दोन प्रकाशकांनी हस्तलिखित साभार परत केलं तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, पुस्तक स्वतःच काढायचं. कुणाची मिनतवारी नको.

"शेवटाला एकाने जरी नावं ठेवली," ते म्हणाले, "तर पुन्हा लेखणीला हात लावणार नाही."

बायको गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा मास्तरांचा जुना समज होता.

मग काम धडाक्यात सुरू झालं. भाच्याने मुखपृष्ठ काढलं. मुद्रितं मास्तरांनी तीनदा तपासली. छापखाना तिसऱ्या मजल्यावर आणि मास्तरांचे गुडघे कुरकुरणारे, म्हणून खेपा घालायचं बायकोने आपणहून अंगावर घेतलं. कागदापासून बांधणीपर्यंत सगळं तिने जातीने पाहिलं.

दोनशे प्रती घरी आल्या. मास्तरांनी नव्या कागदाचा वास घेतला, मुखपृष्ठावरचं आपलं नाव एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून वाचलं, आणि सह्या करत सुटले. आत काय बघायचं? सगळं तोंडपाठ होतं.

प्रती ओळखीपाळखीत वाटल्या आणि आठवडाभर ते फोनजवळून हलले नाहीत. मग डॉक्टरांचा फोन आला: शेवटाने झोप उडवली. ग्रंथपालबाईंनी रस्त्यात गाठून सांगितलं, असा शेवट करायला छाती लागते. जन्मात कुणाला बरं न म्हणणारे जुने मुख्याध्यापकसुद्धा शेवटावर खूश होते.

मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. लोकांना सगळं नीट सिद्ध करून दिलेलंच आवडतं, असं त्यांनी बायकोला दोनदा ऐकवलं.

"तुमचंच खरं," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी, गुडघ्यांना न जुमानता, मास्तर स्वतः तीन जिने चढून दुसऱ्या आवृत्तीचं बोलायला गेले. छापखानेवाल्याने त्यांना बसायला खुर्ची दिली.

"बरं झालं आलात, मास्तर. वहिनींनी सांगितल्याप्रमाणे शेवटचं प्रकरण आम्ही बांधणीत घेतलंच नाही, पण त्या पानांचे गठ्ठे अजून पडून आहेत. रद्दीत घालू का?"