पान एकशे बारा

ईस्टरच्या आदल्या सकाळी छावणीतल्या दफनभूमीत जो तो आपल्या माणसाची कबर चुन्यानं रंगवत होता. शांतवन मास्तरांच्या हातातही चुन्याची बादली होती, पण ते फाटकाजवळच्या टेबलापाशीच अडले होते. टेबलामागं दफनभूमीच्या समितीची सचिव मोनिका, मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. तिच्यापुढं यादी होती. पन्नास वर्षांत ज्यांचा वारस फिरकला नाही, त्यांच्या कबरी आता नव्या माणसांना द्यायच्या. जागा उरली नव्हती. यादीत सातवं नाव राघोबा त्रिभुवन.

हा राघोबा सव्वाशे वर्षांपूर्वीचा टपालातला कारकून. चर्चचा पाळक नव्हता, पण देवाच्या कृपेवर अकरा पुस्तिका लिहून त्यानं पाळकांची झोप उडवली होती. त्याचं चरित्र लिहिण्यात मास्तरांची चौदा वर्षं गेली. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी ते भक्तिभावानं घेतलं आणि तितक्याच भक्तिभावानं कपाटात ठेवलं.

मास्तरांनी वारसाचा फॉर्म भरला. 'मयताशी नातं' या रकान्यापाशी जरा थांबून लिहिलं, पणतू.

मोनिकानं ते वाचलं आणि पिशवीतून चरित्रच बाहेर काढलं. "सर, पान एकशे बारा. राघोबांना मूलबाळ नव्हतं असं तुम्हीच लिहिलंय. खाली चार पुरावे बी दिलेत."

मास्तरांनी पुस्तकाकडं पाहिलं. पानांच्या कडा मळल्या होत्या, मध्ये खुणेला एसटीचं तिकीट होतं. लाज वाटायला हवी होती, पण त्यांनी भलतंच विचारलं, "सगळं वाचलंस?"

"व्हय. दोनदा." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "राघोबांनीच लिहून ठेवलंय ना सर, मेलेल्याचा पत्ता देवाला पाठ असतो, पाटी माणसांना लागते."

"मग मी माणूसच हाय की."

मागं रांग वाढत होती. मोनिका नियमाची पक्की. वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, त्यात आपल्या जिवलग मैत्रिणीलाही सोडायची नाही. तिला ही सवय लावली होती मास्तरांनीच. त्यांनी विचारून घेतलं, यादीतली कबर जिवंत माणसाला नावावर करून घेता येते का? येते. जुना दगड? ठेवायचा तर ठेवा. आणि ती पन्नास वर्षं? घेणारा आत गेला, की त्या दिवसापासून नव्यानं धरायची. अट एकच, एका माणसाला एकच जागा.

मास्तरांनी दुसरा फॉर्म मागितला.

मोनिकानं तो लगेच दिला नाही. "सर, तुमची जागा रत्नमालाबाईंच्या शेजारी आहे. दगडावर तुमचं नाव कोरलंय. ती सोडली तर तिथं दुसरं कुणीतरी येईल."

"बायको म्हणायचीच," मास्तर फॉर्म ओढून घेत म्हणाले, "तुम्हाला त्या राघोबाशिवाय दुसरं माणूस दिसत नाय."

त्यांनी सही केली. राघोबाच्या दगडावर नावाखाली वीतभर जागा मोकळी होती, हे त्यांना मोजून ठाऊक होतं.

मग बादली घेऊन ते पूर्वेच्या भिंतीशी गेले. दगड एकच, नावं दोन. रत्नमालेच्या नावापुढं दोन सालं, त्यांच्या नावापुढं एक साल आणि एक आडवी रेघ. मास्तर उकिडवे बसले. तिच्या अक्षरांतली माती त्यांनी काडीनं काढली. मग कुंचला बुडवून स्वतःच्या नावावर चुन्याचा एक हात दिला.

अक्षरं दिसतच राहिली. अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच पाथरवटाला बजावलं होतं, बाबा, खोल कोर, बुजायला नको.

त्यांनी कुंचला पुन्हा बुडवला.